पाळण्याच्या दोराची तिसरी गाठ

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की घरच्या घरी, थोड्या पैशांत आणि नवशिक्यालाही गोडी लागेल अशा व्यायामाची साधनं नंदुरबारात पहिल्यांदा तुम्ही केलीत असं ऐकलं, तर दिवाळी अंकासाठी त्याबद्दल लिहावं. 'ऐकलं' हा शब्द मला टोचला. गावातल्या व्यायाममंडळाच्या भिंतीवर पितळेची पाटी आहे. खुळखुळ्या मुद्गलांचे जनक म्हणून त्या पाटीवर एका माणसाचं नाव आहे आणि तो माणूस मी नाही. त्या गृहस्थाने आयुष्यात पटाशी हातात धरली नव्हती. पाटीची गोष्ट मी गावात शंभर वेळा सांगितली आहे, ऐकणारे आता उठून जातात. इथे ती येईल, पण ओघात येईल. मुख्य गोष्ट दुसरी आहे, आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही.

माझा धंदा खरादीचा. खराद म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र. यंत्र म्हणायचं एवढंच. दोन खुंट, त्यांच्यात अडकवलेलं लाकूड आणि त्याला वेढा दिलेला चामड्याचा पट्टा. एकाने पट्टा पुढेमागे ओढायचा, दुसऱ्याने फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. पट्टा माझी बायको सोना ओढायची. माणूस ठेवला तर रोज द्यावा लागतो, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी तिला पट्ट्यावर बसवलं आणि पुढची अठरा वर्षं ती तिथेच बसली. खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब, भोवरे हा आमचा माल. लाकूड कातून झालं की ते फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी दाबायची. घासून लाकूड तापतं, लाख वितळते आणि रंग आत बसतो. तो रंग नातवंडांपर्यंत टिकतो. लोकांना वाटतं मी रंगाचे पैसे जास्त लावतो. मी लावतोच.

मी लहानपणी नवापूरच्या लाकडाच्या वखारीत साली सोलल्या आहेत. बाप नव्हता, शाळा दोन वर्षांची. जे शिकलो ते दुसऱ्याच्या हाताकडे बघून शिकलो, आणि भाव करायला भुकेने शिकवलं. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रक थांबले की मी ड्रायव्हरशी चहाच्या टपरीवर हुज्जत घालून सागाचे तुकडे आणायचो. त्या नाक्यावर मला पाहिलं की टपरीवाला चहा टाकायच्या आधी दोन हातगाड्या बाजूला घ्यायचा, म्हणायचा, "आते भांडण व्हई." होत असे. पण लाकूड माझ्या भावाने यायचं.

मुद्गलाचं असं झालं. गावात तालीम होती, आणि तालमीत नव्या माणसाची चेष्टा करायची रीत होती. किराणा दुकानदार धनराजशेठ चाळिशीत पोट सुटलं म्हणून तिथे गेले. वस्तादाने त्यांच्या हातात शिसवाची जोडी दिली. शेठनी एक मुद्गल कसाबसा खांद्यावर घेतला, तो पाठीमागे गेला आणि त्याच्या मागोमाग शेठही गेले. तालीमभर हसू. दुसऱ्या दिवशी शेठ माझ्याकडे लाटणं घ्यायला आले, खरं तर बोलायला आले होते. म्हणाले, "मिस्तरी, या गावमा जाडा माणूसनी दुबळा व्हवाले बी आधी पैलवान व्हवं लागस."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. नवशिक्याला जड वस्तू देऊन उपयोग नाही. त्याला लाज वाटता कामा नये आणि कंटाळा येता कामा नये. मी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे लहान मुद्गल कातले, आतून पोकळ केले आणि पोटात मूठभर चिंचोके घालून बूच मारलं. हात नीट गोल फिरला तर चिंचोके एकदाच, वरच्या टोकाला वाजतात. हात वाकडा गेला तर सारखे कडकडतात. म्हणजे वस्तादाची गरज नाही. चुकलं की चिंचोके सांगतात, आणि ते शिव्या देत नाहीत. जोडी साडेतीन रुपयांना. घराचं दार लावून, बनियनवर, कुणी न बघता करता येतं. धनराजशेठ दुकान उघडायच्या आधी गोदामात गुळाच्या ढेपांमध्ये उभे राहून करायचे. बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं शेठ आत देवपूजा करताहेत.

गिऱ्हाइकं हळूहळू वाढली. मामलेदार कचेरीतला एक कारकून आला आणि जोडी नको, एकच मुद्गल द्या म्हणाला. उजव्या हाताला दिवसभर लिहून व्यायाम होतोच, फुकट बसतो तो डावा. मी त्याला म्हटलं, "साहेब, मग पायजम्याचाही एकच पाय शिवून घ्या." तो रागावून गेला आणि आठ दिवसांनी जोडी घेऊन गेला. हायस्कूलचे मास्तर, शिंपी, पोस्टातले दोघे. बसून काम करणारी माणसं सगळी. मला त्यांची कीव येत नव्हती, पण त्यांच्या घरांतून चिंचोक्यांचा आवाज येऊ लागला तेव्हा गल्लीतून चालताना माझी मान ताठ व्हायची.

जगन आला तो या सुमारास. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि लोक अजून आण्यांतच बोलत होते. जगन कळसाडीचा, गुजर शेतकरी, शहाद्याकडचा. कापूस आणि ऊस, घर खातंपितं. तिशीच्या आतला, डोक्याला टोपी, डोळे सगळीकडे. त्याने मुद्गल उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाला, "हाई तं आतून सडेल शे."

मी म्हटलं, "कानं सडेल शेतस तुन्हा. चिंचोका शेतस त्या."

"चिंचोकाना पैसा लेतस तुम्ही?"

"नही. पोकळीना लेस."

तो हसला. मग पाऊण तास आमचं चाललं. त्याची पद्धत माझीच होती. घ्यायची वस्तू असली की आधी तिच्यात खोट काढायची, मग निघून जायचं, मग पाणी प्यायला परत यायचं. त्या पाऊण तासात मला तो माणूस आवडला. भाव करता येणारं गिऱ्हाईक मिळालं की मला जेवल्यासारखं वाटतं. साडेतीनची जोडी त्याने दोन रुपये दहा आण्यांवर आणली, आणि पैसे काढता काढता थांबून म्हणाला, "पण मिस्तरी, हाई तिले जमाव नही."

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. मुद्गल त्याच्या बायकोसाठी होते. रेवाबाई. धाब्याच्या छतावर वाळवण घालताना शिडीवरून पडली आणि उजवा खांदा निखळला. पोर तेव्हा तीन महिन्यांचं. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेली, खांदा बसला, हात गळ्यात बांधून तीन आठवडे ठेवला. सोडताना डॉक्टरांनी जगनला बाजूला घेऊन सांगितलं की आता हा हात रोज हलवायचा, तीन वेळा, थोडा थोडा वर. येत्या दोन-तीन महिन्यांत जेवढा वर जाईल तेवढाच आयुष्यभर जाईल. नंतर सांधा धरून बसतो. रेवाबाई घरी आली आणि हात तसाच पोटाशी धरून बसली. दुखतं म्हणून, आणि दुसरं म्हणजे सुनेने सासऱ्या-दिरांच्या घरात हात वर करकरून कसरत करायची कुठे? पदर सांभाळायचा की हात उचलायचा?

"दार लाईसन करू दे," मी म्हटलं.

"आमना घरमा दिवसले दार लावेल बाई म्हणजे आजारी बाई," जगन म्हणाला. "माय लगेच येस, काय झाये इचारस."

मी मुद्गल काढून घेतले. म्हटलं, पुढच्या बाजाराला ये.

त्या आठवड्यात हात नेहमीचा माल कातत होते, डोकं मात्र अडून बसलं होतं. उत्तर सोनाकडून आलं, पण तिला ते माहीत नव्हतं. ती पट्टा ओढत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होतो. पट्टा ती ओढते तेव्हा हात खाली येतो, आणि पट्टा परत जातो तेव्हा तोच तिचा हात वर नेतो. वर न्यायला तिला जोर लागत नाही. मला कळलं. हात बाईने उचलायचाच नाही. दोराने उचलायचा.

मी हळदूच्या लाकडाचं एक चाक कातलं, विहिरीच्या राहाटाचं असतं तसं, पण वितभर. चाक आढ्याला टांगायचं, पाळणा ओढायचा दोर त्याच्यावरून घ्यायचा आणि त्याच्या मोकळ्या टोकाला मूठ. बाई बसून मूठ खाली ओढणार, पाळणा जवळ येणार. पाळणा परत मागे जाताना मूठ वर जाणार आणि हात घेऊन जाणार. पोर जोजवणाऱ्या आईला कुणी काय करतेस विचारत नाही. दोराला मी सात गाठी मारल्या. पहिल्या गाठीला मूठ बांधली की हात छातीपर्यंतच वर जातो. दर आठ-दहा दिवसांनी मूठ एक गाठ वर. सातव्या गाठीला हात डोक्याच्या वर सरळ. मुठीत चिंचोके घातले, लाल-पिवळी लाख दिली. पोराला खुळखुळा झाला आणि आईला मोजणी झाली.

सात रुपये सांगितले, साडेचारला दिलं. जगनने चाकात खोट काढली, दोरात काढली, गाठी सात का, पाच पुरेत म्हणाला. शेवटी माझा प्रवासखर्च त्याने द्यायचा यावर सौदा पटला, आणि मी तापी ओलांडून कळसाडीला ते बसवायला गेलो.

घर मोठं, ओटा सारवलेला. जगनची माय उंबऱ्यात बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. आपसात ते गुजरीत बोलत, माझ्याशी अहिराणीत. मी आढ्याला चाक बसवलं. रेवाबाई आतल्या दाराआड उभी होती, मला फक्त तिच्या पदराची किनार दिसत होती. मी दाराकडे पाठ करून म्हटलं, "बाई, हात उचलाना नही. हातले म्हणा, तू झोप. दोर काम करी."

आतून आवाज आला, "मिस्तरीभाऊ, या घरमा आजलोंग मन्हा हातले कोन्ही झोप म्हणेल नही."

माय हसली, जगन हसला, आणि दाराआड ती स्वतःही हसली. मोकळं हसू. पोराला पाळण्यात घातलं, तिने दाराच्या आडूनच मूठ धरली आणि ओढली. पाळणा आला, गेला. मूठ वर गेली, चिंचोके वाजले. तिचा श्वास एकदा दुखून आत गेलेला मला ऐकू आला. मग पुन्हा वाजले. पोर आवाजाकडे बघत राहिलं.

त्यानंतर जगन बाजाराला आला की माझ्या दुकानावरून जायचा आणि थांबता थांबता नुसतं सांगायचा, "दुसरी." म्हणजे दुसरी गाठ. दोन आठवड्यांनी, "तिसरी." मी मान हलवायचो. सोनाने एकदा विचारलं की हा काय मोजतो, तर मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं काम आहे. घरात मी पाळण्याबद्दल बोलत नसे. शेकडो पाळण्यांचे खांब त्या खरादीवर झाले, तिने ओढलेल्या पट्ट्यावर झाले, पण आमच्या घरात पाळणा कधी टांगला गेला नाही. आधी आम्ही देवाला विचारलं, नंतर डॉक्टरला, नंतर कुणालाच नाही. तो विषय आमच्यात मिटलेला होता, आणि त्यामुळे चाक तिच्याच पट्ट्यावर कातलं तरी ते कशासाठी हे मी तिला सांगितलं नाही. दोर आणि गाठींचं काम बोळातल्या आडोशाला बसून एकट्याने पुरं केलं.

आता पाटी. व्यायाममंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे आले, मुद्गलांच्या चार जोड्या नमुन्याला नेल्या, चाळीस जोड्यांची मागणी करू म्हणाले. मी आनंदाने सागाऐवजी पांगारा साठवला. एक पावसाळा गेला. नमुने परत आले नाहीत. मग एक दिवस ढोल वाजला, मंडळात घरगुती व्यायामाचा नवा वर्ग सुरू झाला, आणि मी बघायला गेलो तर रांगेत चाळीस पोरं, हातांत खुळखुळे मुद्गल. बाहेरगावी विजेच्या खरादीवर करवून आणलेले. माझ्या निम्म्या भावात. भिंतीवर पाटी, पाटीवर अध्यक्षांचं नाव. मी एक मुद्गल घेऊन हलवला. चिंचोके सारखे कडकडत होते. बुचाखाली पोकळी चुकली होती. तेवढंही त्यांना चोरता आलं नव्हतं. मी तिथे मोठ्याने बोललो, आणि मला दोघांनी दंडाला धरून बाहेर आणलं. त्यांतले एक धनराजशेठ होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, घर जा. आठे तुन्हं कोन्ही नही."

मी घरी आलो तेव्हा माझ्या ओट्यावर जगन बसलेला होता. मांडीवर पिशवी. पिशवीतून दोराचं टोक बाहेर आलं होतं.

तो उठला, आणि त्याच्या सवयीने, जशी माझीही सवय आहे, आधी खोट काढली. म्हणाला, "मिस्तरी, हाई चाक आमना घरमा चालनं नही."

मी काय ऐकलं ते सांगतो. मी ऐकलं की महिनाभर वापरलेला माल हा परत करतो आहे. अध्यक्षांनी नमुने वापरले, हा चाक वापरून आला. मी म्हटलं, "विकेल माल मी परत लेत नही."

"परत नही. मन्हं आयकी तं ल्या—"

"आयकेल शे. साडेचारना दोन करी दे म्हणशी तू. मंग दोनना एक. माले माहीत शे तुन्ही जात."

'जात' म्हणजे मला भाव पाडणाऱ्यांची जात म्हणायची होती. पण शब्द गेला तो गेला. जगनचं तोंड लाल झालं. तरी तो एकदा म्हणाला, "पोर आजारी पडनं व्हतं. मायनी दोर काढी टाका." मी म्हटलं, "मंग वैदूकडे जा, खरादीकडे काय काम?" त्याने पिशवी खांद्याला मारली आणि तो ओट्यावरून उतरला. मला वाटलं, पाणी प्यायला परत येईल. आम्ही असेच भाव करतो. निघून जायचं आणि परत यायचं. मी पाण्याचा तांब्या भरून बाहेर ठेवलासुद्धा.

तो परत आला नाही. पुढच्या बाजाराला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

सोना आतून सगळं ऐकत होती. तीन-चार आठवडे गेले असतील. आम्ही पाळण्याचे खांब कातत होतो. ती पट्टा ओढता ओढता म्हणाली, "त्या कळसाडीवाल्याना पाळणाले काय झायं व्हतं?"

मी सांगितलं. चाक, दोर, गाठी. सासूने दोर का काढला हे मला माहीत नव्हतं, तेव्हा तेही माहीत नाही म्हणून सांगितलं.

तिने पट्टा थांबवला. "दिवसमा तीन येळा ओढाना व्हता?"

"हो."

"पोर काय दिवसभर पाळणामा ऱ्हास? आजी ओटावर लई जास त्याले. मंग ती बाई काय करी? रिकामा पाळणा ओढी. सासूनी देखं व्हई." ती माझ्याकडे बघत नव्हती. "रिकामा पाळणा कोन्ही हालावस का? पोरले बाधस म्हणतस. आणि वरतून पोर आजारी पडनं."

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. दुकानात पाळणा बघायला आलेल्या बाया तो हलवून बघत नाहीत, नुसता हात लावतात, हे मी वीस वर्षं बघत होतो. पण ते गिऱ्हाइकाचं बघणं होतं. त्या घरात दिवस कसा जातो, पोर किती वेळ कुणाच्या मांडीवर असतं, याचा विचार मी केला नव्हता. ज्याच्या घरात पाळणा नाही त्याला तो कधी रिकामा असतो हे कसं सुचणार?

"मंग काय करतस?" मी विचारलं.

"वरवंटा ठेवतस," सोना म्हणाली. "बारसाले नही ठेवतस का पह्यले? वरवंटा ठेवा म्हणजे पाळणा भरेल. कोन्ही काही म्हणत नही. कोन्ही बी बाईनी सांगं असतं." मग पट्टा हाताशी घेत म्हणाली, "तुम्ही इचारं नही."

आणि तिने पुन्हा पट्टा ओढायला सुरुवात केली.

खरं तर मी त्याच दिवशी कळसाडीला जायला हवं होतं. डॉक्टरांची मुदत तेव्हा अजून पुरती संपलेली नव्हती. मी मनात हिशेब केला, दोन-तीन आठवडे तरी हातात होते. पण आधी तो येऊ दे असं मला वाटलं. ओट्यावरून उतरून तो गेला होता, मी नव्हतो गेलो. गिऱ्हाइकाच्या दारात जाणारा दुकानदार भाव हरून बसलेला असतो, हे मी नाक्यावर शिकलो होतो. आणि पाटीचा राग होता. त्या दिवसांत मला सकाळी उठल्यावर पहिला विचार पाटीचा यायचा. एका बाईचा हात कळसाडीत बसत चालला होता, आणि मी नंदुरबारात पितळेची अक्षरं मोजत होतो.

मी गेलो तेव्हा कापूस वेचून संपला होता.

जगन अंगणात बैलांना पेंड घालत होता. त्याने 'बसा' म्हटलं, त्याच्या आवाजात काही नव्हतं. पोर आता ओट्याच्या कडेला धरून उभं राहत होतं. मायने पाणी दिलं. मी वरवंट्याची गोष्ट सांगितली. माय म्हणाली, "व्हय रे भाऊ, आमनामा बी ठेवतस." आणि तिने बसल्या जागी स्वतःच्या कपाळाला हात लावला. तिलाही त्या वेळी सुचलं नव्हतं. नातू तापाने फणफणलेला असताना कुणाला सुचणार? सुचायचं काम माझं होतं. पैसे मी घेतले होते.

दाराआडून रेवाबाई म्हणाली, "मिस्तरीभाऊ, वरवंटा तं रोज मन्हाच हातमा ऱ्हास."

"हात कितला जास, बाई?"

ती दाराआडून थोडी पुढे आली. पदर डाव्या हाताने धरला होता. उजवा हात तिने उचलला. तो खांद्याच्या खाली येऊन थांबला, जसा दाराला अडसर लागावा. तिने तोंड वाकडं केलं नाही. दुखत नव्हतंच आता. "तिसरी गाठ," ती म्हणाली. "तुम्हीच मारेल." मग म्हणाली, "चूल व्हस, दळण व्हस. वेणी घालता येत नही, ती सासू घालस. फळीवरनं डबा काढता येत नही. मी कोन्हाले दोष देत नही. तुमनी वस्तू खराब नव्हती."

हे शेवटचं वाक्य माझ्या कामाबद्दल आजपर्यंत कुणीही बोललेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. पाटीवर ते लिहिता येत नाही.

मी साडेचार रुपये काढून जगनसमोर धरले. त्याने बघितलं आणि पेंडीच्या टोपल्यात हात घालून म्हणाला, "विकेल माल परत लेत नही ना तुम्ही?"

"मंग माले विक," मी म्हटलं. "मी विकत लेस."

तो आत गेला, चाक आणि दोर घेऊन आला. धूळ फुंकली. माझ्यासारखंच त्याने चाक फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "सात."

मी शपथेवर सांगतो, मी सात देणारच होतो. दहा म्हणाला असता तर दहा दिले असते. पण तोंड माझं चाळीस वर्षांचं होतं, आणि माझ्या आधी ते बोललं.

"चार," मी म्हणालो.

मग दाराआड रेवाबाई हसली. जगन हसला नाही. मी मान खाली घालून सात रुपये मोजले आणि निघालो. वेशीपर्यंत तिचं हसू माझ्या पाठीवर होतं. त्या घरात मी ऐकलेलं ते तिचं दुसरं हसू.

त्यानंतर मी तशी आणखी अकरा चाकं केली, आणि प्रत्येकाबरोबर लाखेचा एक लाकडी वरवंटा दिला. त्याचे पैसे लावले नाहीत. लोक विचारायचे, याचं काय? मी म्हणायचो, याचं काही नाही. मग ते त्याच्याकडे संशयाने बघायचे आणि पुष्कळजण तो माझ्या ओट्यावर सोडून जायचे. ज्याला भाव नाही त्यात काहीतरी खोट असणार, असं त्यांना वाटे. मीच त्यांना तसं शिकवलं होतं. शेवटी मी त्याला सहा आणे लावले. मग नेऊ लागले.

आता मी पटाशी धरत नाही. माझाच खांदा धरला आहे, आणि मी कळसाडीहून आणलेलं ते चाक सोनाने आमच्या आढ्याला टांगलं आहे. पाळणा नाही म्हणून दोराच्या दुसऱ्या टोकाला तिने आमचा दगडी वरवंटा बांधला आहे. मी सकाळी खाटेवर बसून ओढतो. घरच्या घरी होतं, पैसा लागत नाही, आणि संपादकांना गंमत हवी असेल तर चिंचोके अजून वाजतात. माझा हात पाचव्या गाठीपर्यंत जातो.

दोर तोच ठेवला आहे. खालच्या तीन गाठी हाताच्या घामातेलाने काळ्या, गुळगुळीत झाल्या आहेत. त्यातलं काळेपण माझं किती आणि तिचं किती ते सांगता येत नाही. चौथी आणि पाचवी आता कुठे मळायला लागल्या आहेत, माझ्या हाताने. वरच्या दोन अजून नव्या दोरासारख्या पांढऱ्या आहेत.